तिकडचे पाच

दक्षिण कोरियातल्या सोकचोच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या सेरिनच्या कानावर मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं पडत होतं.

"ओकबुन, पहाटेची प्रार्थना संपली की सगळे घरी जातात. तू एकटीच चर्चच्या गार फरशीवर बसून राहतेस. गुडघे धरतील नाहीतर काय!"

"उत्तरेत घड्याळं अर्धा तास मागं केलीत, ऐकलं नाहीस? आपले साडेपाच होतात तेव्हा माझ्या ताईचे पाच वाजतात."

"मग?"

"युद्धात इकडं येणाऱ्या बोटीत जागा मला मिळाली, ती तिकडं धक्क्यावरच राहिली. म्हणाली, रोज पहाटे पाचला मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन, तू माझ्यासाठी कर."

"अगं खुळे, देव काय घड्याळ बघतो?"

"देव नाही गं, ताई बघते. इथं आपण सगळे एकदम मोठ्यानं ओरडून प्रार्थना करतो. तिला तिथं ओठ हलवायचीही चोरी. तिनं एकटीनंच बसायचं?"

"नव्वदी उलटली असेल तिची. असेल का ती अजून?"

"ते मी विचारत नाही. गुडघे टेकले की शेजारी बसल्यासारखी वाटते. मला तेवढं पुरतं."

मागून नाक ओढल्याचा आवाज आला.

"ग्विरे? रडतेस होय गं?"

"माझ्या धाकट्या भावाला, दोक्सूला, तिकडं सोडून आले तेव्हा त्याला घड्याळच कळत नव्हतं. आमचं काही ठरलंच नाही. मी कधी बसू?"

"उद्या थांब माझ्याजवळ. ताईला सांगते, दोक्सूचंही नाव घेत जा म्हणून."