उसवलेली टीप

मनोविश्लेषक बाईंच्या दाराबाहेर एक वयस्कर शिंपी मुलीशेजारी बसला होता. समोर आपल्या वेळेची वाट पाहणाऱ्या तरुणाने मासिकाचं पान उलटायचं थांबवलं.

"आत माझ्याबद्दल बोलतेस?" शिंप्याने विचारलं.

"बोलते, बाबा. काहीही केलं तरी मागून कुणीतरी ते उसवतंय असं वाटतं, हे सांगितलं."

"तुझी टीप वाकडी गेली की मी उसवायचो, ते तुझा हात बसावा म्हणून गं."

"तेही सांगितलं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"त्या ऐकतात."

"ऐकायला मी नव्हतो?"

"तुम्ही मध्येच दुरुस्त करता."

"मध्येच नाही, वाक्य संपल्यावर."

"बघा!"

शिंपी हसला. दार उघडलं.

"जाऊ?"

"जा. सगळं सांग. मला सांभाळून घेत बसू नकोस."