केम्प्ट असा शब्द होता

सगळ्यांना नमस्कार. मला फार बोलता येणार नाही. आवाज बसलाय, आणि खरं सांगायचं तर अंगात त्राणही नाही. आठ दिवस झाले, अंगणवाडीत मी एकटीच आहे. मुलं आणायला मी, खिचडी शिजवायला मी, मोबाइलवर माहिती भरायला मी. आणि आज या शोकसभेत बोलायलाही मीच. "ताई, तुम्ही इतकी वर्षं आईबरोबर होतात, तुम्हीच बोला," असं नितीन म्हणाला. नितीन म्हणजे मावशींचा मुलगा. तो बघा, भिंतीला टेकून उभा आहे. नितीन, बस रे बाबा. सकाळपासून उभाच आहेस.

गुलाबमावशींना तुम्ही सगळे ओळखता. शिरगावच्या आमच्या अंगणवाडीच्या त्या मदतनीस. मी सेविका. अठरा वर्षं एका खोलीत काम केलं आम्ही. ज्यांच्या आया कामाला जातात, त्यांची पोरं मावशी घरी जाऊन कडेवर घेऊन यायच्या. आल्या आल्या एकेकाला समोर बसवायच्या आणि केस विंचरायच्या. ते काही त्यांच्या कामात लिहिलेलं नव्हतं. पण विस्कटलेलं पोर त्यांना बघवायचं नाही.

मावशींच्या बहिणी आज बारवी धरणाकडून आल्यात. मायांनो, तुम्ही दोन गाड्या बदलून आलात. तुमचं आणि मावशींचं माहेरचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, हे इथं पुष्कळांना माहीत नसेल. मावशी कधी बोलायच्या नाहीत त्याबद्दल. माझ्याशीही एकदाच बोलल्या. ते मी सांगणार आहे.

तर झालं असं. मीच एकदा त्यांना म्हटलं, "मावशी, दहावी करा. दहावी झालात तर पुढं सेविका व्हाल." मावशी सातवी शिकलेल्या. वय अठ्ठेचाळीस. त्या हसल्या. म्हणाल्या, "ताई, मी अडाणी. शिकली तर काय होईन? डाणी?"

मी म्हटलं, "असा शब्द नसतो मावशी."

"का नसतो? अडाणी हाय, मग डाणी पन असंल ना कुठंतरी."

पण मनावर घेतलं त्यांनी. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. मुलं घरी गेली, भांडी घासून झाली, की तासभर आम्ही अभ्यासाला बसायचो. गणित त्यांना यायचं. मराठीचा प्रश्नच नव्हता. इंग्रजी मात्र डोकं खायचं. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं, म्हणून मी मास्तरीण. विरुद्धार्थी शब्द शिकवताना मी त्यांना युक्ती सांगितली. पुढचं 'अन' काढा, 'डिस' काढा, की उलटा शब्द मिळतो. अनहॅपी, हॅपी. डिसऑनेस्ट, ऑनेस्ट. मावशी खूश. दोन दिवसांत पानंच्या पानं भरली.

मग मी एका जुन्या गाइडातून सराव पेपर दिला. त्यात होतं अनकेम्प्ट. म्हणजे विस्कटलेला, गबाळा. मावशींनी समोर लिहिलं, केम्प्ट. खाली होतं डिसग्रंटल्ड, म्हणजे नाराज. त्यांनी लिहिलं, ग्रंटल्ड. मी दोन्हींवर लाल फुली मारली.

"का ताई? तुमीच तर सांगितलंत, पुढचं काढायचं."

"ते सगळीकडे चालत नाही. हे शब्द नसतात."

"नसतात कसे? डोकं काढलं तर धड उरंल ना?"

मला हसू आलं. खूप हसले मी. तिथंच थांबले असते तर आज मला इथं उभं राहणं सोपं गेलं असतं.

त्याच आठवड्यात अंबरनाथला मीटिंग होती. सेविकांची. सुपरवायझर मॅडम यायच्या होत्या, उशीर झालेला. वेळ जात नव्हता. मी मावशींची ती गंमत सांगितली. डाणी सांगितलं, केम्प्ट सांगितलं, धडसुद्धा सांगितलं, मावशींच्याच आवाजात, त्यांच्यासारखं हात हलवून. सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, "पुन्हा सांग ना." मी पुन्हा सांगितलं. वळून बघते तर मावशी दारात. मी रजिस्टर विसरले होते, ते द्यायला त्या शिरगावहून रिक्षा बदलत बदलत आल्या होत्या.

रजिस्टर माझ्या हातात दिलं आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी कामावर आल्या. रोजच्यासारखी खिचडी केली. भांडी घासून झाल्यावर पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "येते, मॅडम." इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. पंधरा दिवस मी मॅडम होते. पुस्तक कपाटावर पडून राहिलं.

मला माफी मागता येत नव्हती. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? पण मी सेविका, त्या मदतनीस. माझ्या डोक्यात ते होतंच. खोटं कशाला बोलू. म्हटलं, नवं गाइड आणून देऊ, त्यातच सगळं आलं. म्हणून उल्हासनगरला गेले, जुन्या पुस्तकांच्या दुकानात. दुकानवाले सिंधी काका म्हणाले, "गाइड नहीं है मॅडम, ये डिक्शनरी देखो, कोई लेताही नहीं." उशीएवढी जाड डिक्शनरी. मी उभ्या उभ्या चाळली. कशासाठी चाळली ते तुम्हाला कळलंच असेल. मला बघायचं होतं की मी बरोबर आहे.

केम्प्ट होता.

होता हो तो शब्द. फार जुना. केम्प्ट म्हणजे विंचरलेला. इंग्रजीत कंगव्याला कोम म्हणतात ना, त्याच घरातला. लोक पूर्वी म्हणायचे, मग म्हणेनासे झाले. 'अन' लागलेला तेवढा राहिला. मी अजून पानं उलटली. अनकूथ म्हणजे रानटी. त्यातला कूथही होता, म्हणजे ओळखीचा. तोही असाच गेला. दुकानात गिऱ्हाईक येत होतं, जात होतं, आणि मी मध्ये उभी.

दुसऱ्या दिवशी मुलं गेल्यावर मी डिक्शनरी उघडून मावशींसमोर ठेवली. म्हटलं, "मावशी, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं." अर्थ वाचून दाखवला. विंचरलेला. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

मग म्हणाल्या, "म्हंजे हे तर मी रोज करते."

"हो."

"आनि तुमी म्हनालात, नसतो."

"आता कुणी वापरत नाही ना मावशी."

"वापरत नाय म्हंजे नव्हता असं नाय ताई. आमच्या गावात आता कोन ऱ्हात नाय. पानी हाय. म्हनून काय गाव नव्हतं? मी तिथंच जल्मली ना?"

त्या मला पुन्हा ताई म्हणाल्या, ते मी ऐकलं.

उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "मला एकटीला सांगितलंत, बरं केलंत. पन हसलात ते मीटिंगमधे."

मी म्हटलं, "पुढच्या मीटिंगला सगळ्यांसमोर सांगते."

त्या दिवसापासून आमच्या अंगणवाडीत केम्प्ट चालू झाला. "ये रं, केम्प्ट हो," म्हणून मावशी पोरांना बोलवायच्या. पोरं कंगवा घेऊन रांगेत. एक आई विचारायला आली, "ताई, आमचा सोहम घरी म्हणतो मला केम्प्ट कर. हे काय असतं?" मावशींनी तिला समोर बसवून समजावलं, पार 'अन'पासून.

पहिल्या वेळी मावशी इंग्रजीत नापास झाल्या. दुसऱ्या वेळी पास. इंग्रजीत एक्केचाळीस. निकालाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता, पोरांचे हात लागतील म्हणून. आणि तोवर अट बदलली होती. आता बारावी लागते. हे त्यांना सांगायची पाळीही माझ्यावरच आली. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "अपॉइंट म्हंजे नेमनं ना ताई? मग नाय नेमली म्हंजे डिसअपॉइंट." पुढं म्हणाल्या, "यातला अपॉइंट जिता हाय अजून. फक्त माझ्यापर्यंत नाय आला." आणि डाळ भिजत घालायला गेल्या. तिथूनच ओरडल्या, "बारावीला पन इंग्रजी असतं का?" मी म्हटलं, "असतं." "मग आना पुस्तक."

पुस्तक आणलं होतं. चार धडे झाले होते.

गेल्या सोमवारी त्या नेहमीसारख्या आल्या. निम्म्या पोरांचे केस झाले, आणि म्हणाल्या, "ताई, छाती जड झाल्यासारखी वाटते." नितीनला फोन केला, तो अंबरनाथच्या कंपनीतून तसाच धावत आला. रिक्षात बसताना मला म्हणाल्या, "चार पोरं ऱ्हायलीत." दुपारपर्यंत सगळं संपलं होतं.

आता माझं राहिलेलं सांगते. ती पुढची मीटिंग झाली. त्यापुढचीही झाली. नंतर किती झाल्या. कधी फॉर्म होते, कधी मोबाइलवर भरायची माहिती, कधी मॅडम रागात. मी नाही सांगितलं. मावशींनी पुन्हा कधी विचारलं नाही. मीटिंगहून परत आले की माझ्याकडे एकदा बघायच्या आणि कामाला लागायच्या. मला वाटायचं, विसरल्या असतील. ते मला सोयीचं होतं.

त्या दिवशी मीटिंगला असलेल्या सेविका आज इथं आहेत. मी मोजून बघत नाही, पण बऱ्याच जणी दिसताहेत. बायांनो, तुम्ही माझ्यामुळे हसलात. मी नक्कल केली म्हणून हसलात. गुलाबमावशींचं बरोबर होतं. केम्प्ट असा शब्द होता. मला माहीत नव्हता, आणि मला माहीत नाही म्हणजे तो नाहीच, असं मी छातीठोकपणे सांगितलं. चूक माझी होती. मावशी, मी सगळ्यांसमोर सांगितलं. तुमच्या समोर नाही सांगितलं. ते आता होणार नाही.

बस. एवढंच.

अशा वेळी उभं राहायची पद्धत आहे. पण उभं नको राहू या. मावशींचे गुडघे शेवटी शेवटी फार दुखायचे, आणि आपणही सगळे दमलोय. आहे तिथंच बसून राहू. नितीन, तूही बस. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.