रुमाल टाकलेली जागा

तिथं नको हो, तिथं नका बसू — रुमाल टाकलाय ना, दिसत नाही का? माझी माणसं यायची आहेत, दोन. तुम्ही असं करा, गाडी लागेपर्यंत बाकाच्या ह्या बाजूला या, ही पिशवी मी पायाशी घेतो — डबा आहे त्यात, चौघांचा, म्हणून जपतोय. सव? अहो, मग आपण एकाच गाडीचे! मुंबईहून एवढ्या लांब, मुलांना घेऊन, भर मे महिन्यात, ऊन पाण्याच्या कुंडात बसायला निघालात — मंडळी काही बोलल्या नाहीत? बोलल्या ना? बोलणारच. पण घाबरू नका, बेत नीट आखला की उन्हाळ्यातसुद्धा मजा आहे. थांबा, वाचूनच दाखवतो, कागद खिशातच असतो माझ्या. हे बघा — पहिल्या गाडीने जायचं, ऊन चढायच्या आत. कुंडात एकदम उतरायचं नाही, आधी नुसते पाय सोडायचे. गुडघे दुखणाऱ्याने पाव तास, जास्त नाही, मग अंग पुसून सावलीला. दुपारी झाडाखाली भाकरी. रात्री महाडला परत. दुसऱ्या दिवशी पोलादपूर, तिथून महाबळेश्वरची गाडी, आणि आंबेनळी घाटाच्या वळणांवर ज्याला मळमळतं त्याने पुढच्या बाकावर बसायचं, तोंडात आवळासुपारी. खाली शेकून घ्यायचं आणि वर जाऊन निवायचं — आहे की नाही झकास बेत?

अक्षर? छे छे, माझं कुठलं एवढं सुंदर, माझं बघाल तर हसाल. महिपतरावांचं आहे. त्यांच्यासाठीच तर जागा धरलीय, त्यांच्या आणि त्यांच्या बायकोच्या, सोनाबाईंच्या. बावीस वर्षं आमची टेबलं शेजारी शेजारी — मी आवक, ते जावक. दुपारचा चहा दोघांत एक, अर्धा कपात, अर्धा बशीत, तेही एक दिवस कपवाला मी, एक दिवस ते. ते बौद्ध आहेत, बरं का. सांगायचं म्हणून सांगतो — म्हणजे ऑफिसात आमच्यात तसलं काही कधी नव्हतं. कधीच नाही. हा बेतही दोघांचा. दोन वर्षं दुपारच्या सुट्टीत आम्ही हाच उद्योग केला. सोनाबाईंचे गुडघे धरलेले, सवच्या पाण्याने मोकळे होतील म्हणून त्यांचा सारा जीव त्यात. 'भाऊ, माझी बाय अशी बसली ना की उठताना माझा हात धरती — एकदा शेकून आणू या तिला.' असं म्हणायचे.

मग गेलो की आम्ही, तीन वर्षं झाली. आम्ही म्हणजे — मी, माझी बायको सरोज आणि माझी काकू. ते नाही. ते कसे येणार, वीस मार्च होता ना! महाडात वीस मार्च म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको — चवदार तळ्यावर गावोगावची माणसं येतात. महिपतराव त्या दिवशी पहाटेपासून ह्याच स्टँडवर उभे, उतरणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून तळ्यापर्यंत न्यायचं, पाणी पाजायचं. तरुणपणापासून एक वर्ष चुकलेलं नाही. हो, मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर — म्हणजे कसं आहे, त्या वर्षी नेमका रविवार आला. मी म्हटलं, काकूंना दुसरा दिवस जमत नाही. काकू जुन्या वळणाच्या, एका कुंडात सगळ्यांबरोबर उतरायचं म्हणजे त्या काय बोलतील, चारचौघांत सोनाबाईंचा पाणउतारा झाला तर — त्यांच्याच भल्यासाठी हो! नाही, काकू तसं बोलल्या नव्हत्या. मी त्यांना विचारलंच नव्हतं. आता लपवून काय करू, काकूही मागच्या वर्षी वारल्या — त्या दिवशी त्या बिचाऱ्या कुंडावर पाय सोडून बसल्या आणि मलाच म्हणाल्या, 'ते तुझे महिपतराव नाही का आले? त्यांच्या बायकोचे गुडघे ना रे?' चटका बसला म्हणून मी पाय बाहेर काढून घेतला. पाण्याचा नव्हता तो.

आणि ते? 'वीसला?' एवढंच म्हणाले. नुसते हसले. मग खणातून हा कागद काढून माझ्यापुढे ठेवला — 'न्या भाऊ, उपयोगी पडंल.' त्यावरही भागलं नाही. त्या सकाळी आम्ही इथं आलो तर ही गर्दी! सवच्या गाडीला लोंबकळायलाही जागा नाही. महिपतरावांनी दुरून बघितलं, कुणा आजोबांचा हात सोडून पळत आले आणि खिडकीतून स्वतःचा रुमाल टाकून आमच्या जागा धरल्या. 'बसा काकू, सावकाश.' हा तोच रुमाल. परत द्यायचा राहिला. राहिला कसला, द्यायला तोंड नव्हतं मला.

आता ह्या एकतीसला ते रिटायर, मग मुलाकडे कल्याणला, कायमचे. म्हणून मागच्या आठवड्यात धीर केला. कॅलेंडर बघितलं, लाल आकडा दिसला, ऑफिस बंद — उठलो आणि म्हटलं, महिपतराव, येत्या सुट्टीला सव, दोघं दोघं जोडीने, डबा सरोजचा, नाही म्हणायचं नाही. आज कुंडावर हा रुमाल त्यांच्या हातात देणार आणि सगळं सांगणार, तुम्हाला सांगितलं तसंच. काय म्हणाले? 'बघू भाऊ.' आणि हसले. येतील. पहिली गाडी सोडली मी, दुसरी सोडली, सोनाबाईंना चालायला वेळ लागतो ना. सरोज नळावर फिरकीचा तांब्या भरायला गेलीय, तीही वैतागली. आणि आज काय ही पांढरी लुगडी उतरतायत सगळी, मघापासून बघतोय — कार्यक्रम असेल कुणाकडे मोठा.

तुम्हाला बरी रजा मिळाली पण — बँकेत ना तुम्ही? सुट्टीच आहे? हो हो, आम्हालाही आहे, म्हणून तर — कसली म्हणालात?

पौर्णिमा. बुद्धपौर्णिमा.

म्हणजे परत त्यांच्याच सणाला बोलावलं मी. मी फक्त लाल आकडा बघितला हो. शप्पत. त्या वेळी मुद्दाम केलं होतं, पण ह्या वेळी — ह्या वेळी खरंच — कुणाला पटेल? मलाच पटत नाही.

ती बघा, लागली तुमची गाडी. पळा, मुलांना आधी चढवा. आणि अहो — हा कागदही न्या. सोनाबाईंच्या गुडघ्यांसाठी लिहिलेला आहे, पण पाणी सगळ्यांना तेच.

काय हो आजी? हो, बसा. कुणी येणार नाही. रुमाल? तो मी घेतो, तुम्ही बसा.