आबांची डबल बेल

अरे, आमच्या आबांचं ऐका. जन्मभर एसटीत कंडक्टर, आता पार्किन्सन. परवा नांदेडला हदगावच्या गाडीत चढताना त्यांचा पाय पायरीपाशीच चिकटला, हलेचना. डॉक्टर म्हणलेले, ताल दिला की पाय उचलतो. मी दारातून हात घालून घंटीची दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग, म्हणजे चला! आबा टकाटक वर. पण ड्रायव्हर बी निघाला की! मी खालीच.

आबांनी एका हातानं दांडा धरून एक घंटी दिली. गाडी थांबली. मी पळत दारापाशी पोचतो तोच दोरीवरचा हात थरथरला, टिंग टिंग, गाडी पुढं! असं तीनदा.

कसाबसा चढलो. आबा हसून हसून बेजार. म्हणले, "मी रिटायर झालो रे, हात न्हाई झाला!"