टोपण छातीनं दाबायचं

— नाही, त्या स्टुलावर बसू नका, ग्रीस आहे. उभ्यानंच बोला, काका. आणि माफीचं सांगायला आला असाल तर ते झालं सांगून, मी बाबांच्या पाया पडणार नाही. का पडायचं? नळी धरलेला माझा हात सुटला म्हणून? कोण म्हणतं? तुम्ही म्हणता, आणि बाबा तुमचं ऐकून म्हणतात. थोरला भाऊ, त्यात हाताला धरून काम शिकवलेलं — तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि माझा? कॉलेज अर्धवट टाकलेल्याचा. ते का टाकलं हे कुणी विचारत नाही — बाबांचा डोळा गेल्यावर हे गॅरेज काय आपोआप उघडत होतं?

हा बघा, बाबांचा डोळा गेला त्याच मोटरसायकलचा फोर्क, पुढचं चाक धरणारा. तुमच्या वयाची गाडी, तुमच्याइतकीच हट्टी. फोर्कचा एक पाय बसवून झाला, हा दुसरा. नळीत स्प्रिंग सोडली तरी ती चार बोटं वर राहतेच. ती दाबून धरायची आणि दाबलेली असतानाच टोपणाचे आटे लागले पाहिजेत. म्हणून मी हे बनवलं होतं — आट्यांची सळई, दोन पट्ट्या, एक नट. नट फिरवत गेलं की स्प्रिंग मुकाट्यानं खाली बसते. डोळा जायच्या आधी बनवलं होतं, काका, आधी. बाबांनी भंगारात फेकलं. म्हणाले, आपल्या घराण्यात टोपण छातीनं दाबतात. घराणं म्हणे. गाणं गातो काय आपण?

मग दाबलं बाबांनी छातीनं. आटे दिसावेत म्हणून तोंड बरोबर टोपणावर, मी खाली नळी धरून. नळी हलली नाही. टोपण उडालं. बस. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. समोर मीठ असलं तरी आईला हाक मारून मागतात. मी ते रोज त्यांच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला सरकवून ठेवतो, तरी — सोडा. हे कशाला सांगतोय मी तुम्हाला.

बरं, एक करा. हा पाय तुम्ही बसवा, छातीनं. नळी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलीय, माझ्या हाताचा प्रश्नच नाही. घ्या पाना. या. वाका. ठेवा टोपण. भार द्या — अजून — बसतंय, बसतंय —

थांबा. तसेच राहा. मान कुठे आहे तुमची? भिंतीकडे. टोपणाकडे नाही, भिंतीकडे. आपोआप वळली ना? म्हणजे जन्मभर असंच दाबत आलात, तोंड बाजूला करून, आटे नुसते बोटांनी चाचपत. मग बाबांना अर्धंच का शिकवलंत? विसरलात? की धाकटा आपल्या पुढे जाईल म्हणून? आणि हात सुटला म्हणे माझा.

हळू सोडा आता. एकदम नको. हळू — हां.

बाबा आत आहेत. जा आणि त्यांच्यासमोर मान वळवून दाखवा, आत्ता वळवलीत तशी. तोंडानं काही सांगायची गरज नाही, त्यांना कळेल, एका डोळ्यानंही कळेल. नाही जमणार? वाटलंच मला. मग तो पाना ठेवा तिथं, बाबांचा आहे. आणि निघा.