शेजारी कातरलेली मेंढी

केस उगवायच्या तेलाची बाटली मी फेकून दिली. पण ते नंतरचं; आत्ता तसं काही घडलंच नाही असं समजून पुढं वाचा. राहू गावी स्वतःसाठी मुलगी बघायला निघालो होतो. तळेगाव ढमढेरेच्या स्टँडवर शेजारी बसलेलं म्हातारं जोडपं पेपरात त्याच तेलाची जाहिरात बघत होतं.

"अवं, आधीच्या फोटूत टकला, नंतरच्यात केसाळ!"

"सखू, आधीचा रडतोय बघ. नंतरचा हसतोय, वर टाय. तेलानं टाय उगवतो व्हय?"

"उजेड बी आधीच्याच टाळक्यावर पाडलाय."

"बाजारात आपण विकायच्या मेंढीशेजारी काय उभं करायचो?"

"कातरलेली मेंढी. मंग आपली लईच लोकरीची दिसायची."

"तसंच हाय हे. तेलाचं कामच न्हाई."

"पाव्हणं, तुम्ही पिशवीत काय लपवताय?"

"तेच तेल, मावशी. मुलगी बघायला चाललोय."

"मंग तेल कशाला? शेजारी तुमच्यापरीस टकला बसवा की!"

मा. आगारप्रमुखांस विनंती अर्ज: दुपारच्या राहू गाडीने माझ्यापेक्षा टकला एक इसम माझ्यासोबत पाठवावा. पोहे होईपर्यंत त्यास माझ्या शेजारून उठू देऊ नये.