याकोबदादांचं मौन

ऐका मंडळी! आज एकच प्रश्न विचारतो — लेंतात, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात, देवापुढे धरलेला नेम मोडला, तर पाप लागतं का? हसू नका, पुढच्या ओळीतले मामा! तुमचं मटण बंद आहे हे अख्ख्या गावाला तुम्हीच सांगितलंय.

आमच्याकडे एक याकोबदादा होते. सुतार माणूस. हात सरळ, जीभ तिखट. त्यांच्या लेकीनं, सुवार्तानं, सहा वर्षांपूर्वी परजातीत लग्न केलं. दादा म्हणाले, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." बोलून गेले खरे, पण तेव्हापासून रोज प्रार्थनेत तिच्यासाठी रडायचे. देवापुढे लेकीचं नाव घ्यायचं — माणसांपुढे नाही!

त्या वर्षी लेंत आला. कुणी चहा सोडला, कुणी तंबाखू. दादांनी ठरवलं, ज्या जिभेनं लेक घालवली तीच चाळीस दिवस बंद. गळ्यात पाटी, खिशात खडू. चर्चच्या पाळकसाहेबांनी उपासनेत त्यांचं कौतुक केलं. दादांनाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला?

पस्तिसाव्या दिवशी, भर दुपारी, सुवार्ता दारात उभी! कडेवर पोर.

"बाबा, येऊ का आत?"

 हो म्हणायला दादांचा जीव तुटत होता — पण अजून पाच दिवस राहिले होते ना! खिसा चाचपला. खडू सापडला, तर तो निसटून खाली पडला; वाकून शोधू लागले. लेक बघतेय काय? बापाचं तोंड बंद, मान खाली. तिला त्या मौनाचं काय ठाऊक? ती एवढंच म्हणाली, "अजून राग गेला नाही तुमचा. जाते मी."

ती आळीच्या टोकाला पोचली. दादांना कळून चुकलं, आता गेली ती कायमची. पाटी भिरकावली आणि अनवाणी धावले. "सुवार्ता, माघारी ये गं! माझं चुकलं, बाई." अख्ख्या आळीनं ऐकलं.

संध्याकाळी शेजारी म्हणाला, "दादा, पाचच दिवस उरले होते, आणि नेम मोडलात."

दादा नातवाला वरणभात भरवत होते. म्हणाले, "मग काय करू? देवानं लेक दारात धाडली, त्याला पाटीवर उत्तर देऊ?"

आता तुम्ही सांगा, मंडळी. काय सोडलंय यंदा? मटण? चहा? सोडा, चांगलंच आहे. पण भाऊ, सून, शेजारी — कुणाशी बोलणं सोडलंय का? मग इथून उठलात की आधी त्यांच्या घरी जा. ईस्टरची, पुनरुत्थानाच्या सकाळची वाट बघू नका. दुखावलेलं माणूस तोवर आपल्या दारात उभं राहत नाही.